अकराव्यांदा

देवगड बंदरावर बर्फाच्या कारखान्यात
माझी रात्रपाळी. दहा ते सहा.
लाद्या सुटायला वेळ लागतो.
मधल्या वेळात मी धुक्याच्या बेटावर असतो.

तिथे मी उंच आहे. पाठीला तलवार,
कमरेला तेलाची कुपी, आणि गुडघा दुखत नाही.
विझलेले सात दीप लावायचे आहेत.
चार लावले. पाचव्याच्या वाटेवर पूल तुटलाय,
तिथे एक म्हातारा मीठ विकत बसतो.

हल्ली घोटाळे होतात.
परवा जेटीवर थर्माकोलचा खोका दिसला
आणि पाय आपोआप उचलला गेला,
फोडला की नाणी उडणार.
आत दोन नासके बांगडे होते
आणि मागून जयवंत सारंगाची शिवी.
जामसंड्याच्या चढणीवर मी दम मोजतो:
हिरवी पट्टी अर्धी उरली, आता धावायचं नाही.
पवनचक्क्यांपाशी चढलं की वाटतं
सगळा नकाशा उघडेल.
चढलोही एका रविवारी.
समुद्र होता. नेहमीचाच. आधीपासून उघडा.

बँकेतल्या बाईंच्या डोक्यावर
पिवळं उद्गारचिन्ह दिसलं मला, आईशप्पथ.
विचारलं, काही काम आहे का माझ्यासाठी?
त्या म्हणाल्या, पासबुक आणलंय?

मीठवाल्याचं राहिलंच.
तो एकच वाक्य बोलतो: आज वारा खारा आहे, परक्या.
बोलतो इंग्रजीत, खाली अक्षरं येतात,
मला मात्र मालवणीत ऐकू येतं.
सगळे त्याला टाळून पुढे जातात, मीही गेलो होतो.
एका रात्री कॉम्प्रेसर बंद पडला,
मेस्त्री कणकवलीहून येईपर्यंत हाताला काम नाही.
मी बटण दाबत राहिलो.
आज वारा खारा आहे. आज वारा खारा आहे.
अकराव्यांदा तो थांबला.
म्हणाला, तू अजून हयसरच? बस तर मगे.
आणि गोणीखालून दोरखंड काढून दिला.

घरी बाबल तारी, तांडेल,
चाळीस वर्षं सुकाणू,
आता खळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत.
भरती कदी येतली रे?
सांगतो. चहा अर्धा होतो.
भरती कदी येतली रे?
पूर्वी मी ओरडायचो. एकदा भिंतीवरचं कॅलेंडर
ओढून त्याच्या मांडीवर आपटलं होतं.
अजून कानशिलं तापतात.

आता समोर बसतो. अंगठा मांडीवर हलतो,
जसं काही बटण तिथेच आहे.
दहा पन्नासला, बाबा.
दहा पन्नासला.

अकराव्यांदा काही झालं नाही. विसाव्यांदाही नाही.
मोजणं सुटलं.
मग एका सकाळी, पाळीवरून आल्यावर
त्याची दाढी करत होतो, गालभर फेस,
तर म्हणाला, तुझी आवस भरतीक भियायची.
म्हणान मी तिका सुकतीक हाडलंय,
खाडीतसून, चलान.

ढोल वाजला नाही. पेटी उघडली नाही.
मी वस्तरा धरून उभा.
हे जपून ठेवायचं कुठे?
कोपऱ्यात ते चिन्ह गरगर फिरायला हवं होतं.
फिरत होता नुसता पंखा.
फेस सुकायला लागला.

भरती कदी येतली रे?

अकरा चाळीसला, म्हणालो,
आणि म्हणता म्हणता लक्षात आलं,
काल मी दहा पन्नास सांगितलं होतं.
तो तेच विचारतो.
मी रोज तेच सांगत नाही.

आज रात्री पूल ओलांडेन बहुतेक.
दोर आहे, तेल आहे.
नाहीतर बसेन मीठवाल्यापाशी थोडा वेळ,
लाद्या सुटेपर्यंत.