घासाघीस

ऑक्टोबरातला शनिवार. एल्कहार्ट, इंडियाना.
निघालो होतो बर्फ ओढायचं फावडं घ्यायला.
मिडलबरी स्ट्रीटवर एका गॅरेजचं दार वर गेलेलं,
आत पाव भाजायचं यंत्र, तीन गळ,
नाताळच्या दिव्यांचा गुंता,
आणि टेबलाखाली, मांजर बसावं तशी
एक काळी पेटी.

डावा खटका उघडला. उजव्यानं वेळ घेतला.
जांभळ्या मखमलीत सॅक्सोफोन,
रंग समईचा,
दिवाळीला घासलेल्या नव्हे,
माळ्यावर विसरलेल्या.
कर्ण्यावर कोरलेली बाई, भोवती वेली,
खाली गावाचं नाव. हेच गाव.
चिकटपट्टीवर पेनानं: पंचेचाळीस डॉलर.

मी मिरजेचा.
सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत आमचं रेशनचं दुकान.
भोपळे वाळताना बघत वाढलो,
वाजवायला कुणी शिकवलं नाही,
मीही विचारलं नाही.
पण एवढं कळत होतं, की पंचेचाळीसात
याची रिकामी पेटीसुद्धा येत नाही.

तरी तोंडातून निघून गेलं:
"चाळीस?"

कुठून आलं कोण जाणे.
आईच्या भाजीच्या पिशवीतून आलं असेल,
वर दोन मिरच्या घाल म्हणणाऱ्या.
तीस वर्षं मी हा शब्द
या देशात उच्चारला नव्हता.

विल्मा हॉकस्टेटलर, ऐंशीच्या पुढच्या,
अंगात पुरुषी स्वेटर, बाह्या तीनदा दुमडलेल्या,
माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे.
"चाळीस. पण एक सूर काढून दाखवायचा."

पेटीतच एक रीड होती, काठ काळा पडलेली.
ओली केली. फुंकलं.
रेडा बोलला. वेद नव्हे.
शेजारचा कुत्रा उठून उभा राहिला.
बाई हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या.

"अर्ललाही यायचं नाही," म्हणाल्या.
"एकतीस वर्षं कारखान्यात चाव्यांना गाद्या बसवल्या.
अंधाऱ्या खोलीत नळीत बल्ब सोडायचा,
उजेड कुठून गळतो बघायचा.
घरीही तेच. जेवताना असा बघत बसे,
जशी मीच कुठेतरी गळते आहे."

विसाच्या दोन नोटा स्वेटरच्या खिशात गेल्या.
"आणि हे बघ, घासू नकोस.
घासलं की किंमत उतरते."
क्षणभर वाटलं, बाईंना मराठी येतं.
त्या पितळेबद्दल बोलत होत्या.
बहुतेक.

रात्री अंगठ्याच्या कडीखालचा आकडा शोधला.
अडीच हजार. कुणी तीनही सांगतं.
वसुधा म्हणाली, मग देऊन ये जाऊन.
काय देऊ? पाच? की चोवीसशे साठ?
ती म्हणाली, आमटी गार होतेय.

फावडं राहिलंच.
पहिला बर्फ मी केरसुपलीनं ओढला.
मिडलबरी स्ट्रीटवरून दोनदा गेलो,
दोन्ही वेळा दार खाली,
दुसऱ्यांदा गाडीचा वेग कमीही केला नाही.
पाचाची एक नोट मखमलीखाली ठेवली आहे.
कुणासाठी, ते नीट सांगता येणार नाही.

परवा कोटांच्या कपाटात शिरलो,
दार लावून घेतलं,
लांब वायरचा बल्ब नळीत सोडला
आणि जमतील तेवढ्या चाव्या दाबून धरल्या.
वरच्या दोन घट्ट. अर्लच्या असतील.
बाकी सगळीकडून उजेड,
बारीक, रेघारेघांनी,
माझ्या मनगटावर, सदऱ्याच्या खिशावर,
वसुधाच्या लाल कोटाच्या अस्तरावर.
एक बोट सरकवलं की दुसरीकडून.

बाहेरून तिनं विचारलं, काय चाललंय आत?
बघतोय, म्हटलं.