तिसरा रविवार

महिन्यातला तिसरा रविवार फादर एलेउतेरिओंचा,
तोही समुद्राने होकार दिला तर.
बाकीचे रविवार चर्च माझ्याकडे:
चावी, घंटा, मेणबत्त्यांची थोटकं,
आणि भिंतीवरच्या लाकडी ढलप्या, ज्या मी
एकेक करून बदलल्या, बाराशे दहा.
मी होड्या बांधतो. चिलोएच्या आमच्या बाजूला
होडीवाल्यालाच देतात चर्च सांभाळायला.
छत म्हणजे शेवटी पालथी होडीच.

धक्क्यावरून आले की फादर आधी ओले बूट काढतात,
हॉर्तेन्सियाने शेकून ठेवलेले माझे मोजे चढवतात,
बटाट्याचे मिल्काओ खातात, दोन, कधी तीन,
आणि सुरू होतात.
माशांच्या कारखान्यातल्या संपवाल्यांना देव नकोय म्हणे.
बाई होडीत कमवायला चढली की घर बुडतं म्हणे.
(हॉर्तेन्सिया तिसरा मिल्काओ उचलून नेते.)
आणि पाऊस लागून दार लोटलं की हमखास:
त्या वर्षी लष्कराने केलं ते देशासाठीच,
नेली ती माणसं काही कोकरं नव्हती.

माझा भाऊ बाल्दोमेरो कोकरू नव्हता, हे खरंय.
होडीच्या फटी बुजवताना शिव्या द्यायचा
आणि सभेत मालकाचं नाव घेऊन बोलायचा.
ऑक्टोबरात त्याला लाँचवर चढवलं.
एका पायात बूट होता.

फादरना ठाऊक आहे. विसरतात.
मग आठवतं, आणि पायातल्या मोज्यांकडे बघत बसतात.

त्याचा पोरगा सांतियागोहून येतो, विचारतो,
काका, ज्या तोंडून हे निघतं
त्याच तोंडच्या शब्दाने भाकरीचा देव होतो?
नदीचं मूळ विचारू नये, मी म्हणतो.
का? मुळातच विष असलं तर?
मी करवतीला धार लावत राहतो.

भरतीची वेळ विचारावी तिबुर्सिओला,
जो पत्त्यांत हातचलाखी करतो.
लाकूड विचारावं मला,
पण दाढ दुखली तर माझ्याकडे येऊ नये.
असं काहीतरी सांगून बघितलं त्याला.
हसला. एवढं सोपं नाही, हे मलाही कळतं.

आई गेली तो जून.
खाडी पांढरीफटक, लाँच बंद.
फादर वल्ही मारत आले, बासष्टाव्या वर्षी,
सोबत एक कोळ्याचं पोर, तेही रडकुंडीला आलेलं.
तळहाताची सालं गेलेली. त्याच अंगठ्याने
आईच्या कपाळाला तेल लावलं.
आई म्हणाली, बाल्दोमेरो भेटेल का मला?
मी फादरच्या तोंडाकडे बघत होतो.
पत्र्यावर गारा.
"भेटेल," म्हणाले. "तो आधीच पोचलाय."
आज पाणी चारला चढेल, असं सांगावं, तशा आवाजात.
आईने डोळे मिटले. तिचं काम झालं होतं.
आणि मीही विश्वास ठेवला,
ठरवून नाही, थंडीत हात आपोआप बगलेत जावा तसा.

मग चुलीपाशी हात शेकताना हेच फादर म्हणाले,
तरी त्या पोरांनी बंदुका...
आणि हॉर्तेन्सियाने किटली आदळली.

मागच्या महिन्यात कबुलीला बसलो.
जाळीपलीकडे त्यांचा खोकला, लोकरीचा वास, माझ्याच.
म्हटलं, फादर, मी एका माणसाचा द्वेष करतो.
नियमाप्रमाणे विचारलं त्यांनी: किती वेळा?
दर तिसऱ्या रविवारी.
बराच वेळ काही नाही. वारा फटीत शिट्टी घालत होता,
ती फट बुजवायची राहिलीय.
मग त्यांनी शब्द म्हटले, तेच, पुरते,
एकही न गाळता, आवाज न चढवता.
ते शब्द त्यांचे नव्हते, म्हणूनच मला घेता आले.
पण म्हणाले तेच, हेही आहेच.

बाहेर आलो. त्यांची होडी दगडांवर आडवी.
तळाची एक फळी सुटायला आली होती.
ओहोटी लागायच्या आत बसवली,
वर डांबर फासलं,
हातोडा बाल्दोमेरोचा.
पैसे घेतले नाहीत.
घ्यायला हवे होते बहुतेक.