एस

मंगळवारी साडेसहाला
ग्रिम्सबीच्या बंद पडलेल्या बर्फ-कारखान्यामागच्या खोलीत
मासे कापून आलेले अकरा जण बसतात.
लिंबाने हात धुतलेले, तरी वह्यांना हॅडॉकचा वास.

फळ्यावर मी लिहिते : द फिश स्विम्स.
खाली : द फिश स्विम.
मासा एक असो की हजार, शब्द तोच,
किती ते क्रियापदानेच सांगायचं.
रोलांदास हसतो, "एक मासा कोण मोजतो, बाई?
आम्ही पेट्या मोजतो."

मग तो एस.
नामाला लागतो गर्दी झाली की,
क्रियापदाला, एकटं पडलं की.
हे असं का, ते मला वीस वर्षांत
कुणाला धड सांगता आलेलं नाही.

माझी आई जाळी विणायची
आणि 'वी वॉज' म्हणायची, जन्मभर.
वी वॉज पुअर. वी वॉज ऑल राइट.
बाबा आइसलंडकडे, घरात ती एकटी,
तरी 'वी'.
शाळेत मी तेच बोलले तर पट्टी बसली.
आता पट्टी माझ्या हातात आहे, फळ्यावर रेघा मारायला.

लेतेब्रहान कोपऱ्यातून विचारते,
"माय फॅमिली इज, की आर?"
तिच्या भाषेत क्रियापदाला हेही कळतं
की आला की आली.
इंग्रजीला त्याचं काही नाही.
मी म्हणते, इथे दोन्ही चालतं.
सगळे मिळून एक वाटले तर इज,
वेगवेगळे दिसले तर आर.

ती बोटं उघडते.
आई केरेनला. भाऊ कसालाच्या छावणीत.
दोघी बहिणी गोथेनबर्गला.
करंगळी मिटलेलीच ठेवते.
वहीत इज लिहिते, खोडते,
आर लिहिते, खोडते,
कागद तिथे इतका झिजतो
की मागच्या पानावरचं 'टुमारो' दिसायला लागतं.

मी लाल पेन उघडलंच नाही.

पुढच्या मंगळवारी तिचं वाक्य :
माय फॅमिली ईट्स ॲट सिक्स.
एस जरा लांब, मागाहून आणून टेकवल्यासारखा.
"सगळे?" मी विचारलं.
"रविवारी. फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा करते."

रोलांदास मागे वळला,
"स्वीडनला तेव्हा सात वाजलेले असतात."

"असतात," ती म्हणाली.
"पण आम्ही सहा म्हणतो."