हौसाक्काचा कान

पेडल उघडलं तर आत तंबाखू.
भुकटी, पिवळट, मैद्याहून बारीक,
पॉटच्या काळ्या पट्टीवर थर धरून.
निपाणीत काहीही उघडा,
घड्याळ, बाजाची पेटी, देवाच्या फोटोची चौकट,
ती आत असतेच.

"तीन वर्षं पायानं तपकीर मळालास तू,"
पायगोंडा म्हणाला, आणि फुंकर मारली.
मग बराच वेळ दोघंही शिंकत होतो.

तो पाण्यातल्या मोटारी भरतो.
गिटार त्यानं पाहिलंय ते वरातीत, ट्रॉलीवर, लांबून.
बारा वर्षं इचलकरंजीच्या मागांवर गेली
त्यात कानातले वरचे सूर गेले,
गुरगुर तेवढी ऐकू येते, आणि शिव्या.
म्हणून त्याचं मीटर भिंतीपलीकडं:
वखारीत पान निवडत बसलेली हौसाक्का.

अँप लावला. तार छेडली, पाय दाबला.
"कोण पत्रा वडाय लागलंय रं?"
भिंतीतून आलं.
पायगोंडानं वहीत तारीख घालून लिहिलं: पत्रा.

पॉट नवा घातला, दातेरी पट्टीला वंगण.
"मांजर शिरलंय व्हय तुमच्यात?"
लिहिलं: मांजर.

तीन नारिंगी पट्ट्यांचा रेझिस्टर
दुधाच्या दातासारखा हलवून हलवून काढला.
पिवळा, जांभळा, नारिंगी बसवला.
"मांजरच. व्यालंय पण."
तेही लिहिलं.

मग लाइट गेली.
चिकोडीच्या भंगारातनं त्यानं
जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा एक फेराइटचा गाभा आणून ठेवला होता,
सुपारीएवढा, दोन वाट्यांचा.
"कंपनीची कॉइल म्हंजे नुसती दोऱ्याची रिकामी रिळं," म्हणाला,
आणि दाराच्या उजेडात केसासारखी तार
भरायला बसला.
मोजायचं कन्नडमध्ये, शिव्या मराठीत,
डाग देताना कुठलीच भाषा नाही.
तीनशे कितीतरीला मी विचारलं, चहा सांगू का?
तार तशीच धरून त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मग सगळी उलगडली,
आणि पुन्हा ओंदू, एरडू.

चहा मी सांगितला नाही.

सव्वापाचला पंखा फिरला.
कॉइल बसली. शेजारचा कपॅसिटरही बदलला,
पॉइंट झीरो वनच्या जागी पॉइंट झीरो वन फाइव्ह,
म्हणजे आवाज जरा पोटातनं येईल
असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, बघू, कुणाच्या पोटातनं.

दाबलं.
पलीकडून काही नाही.
"इन्नोम्मे," पायगोंडा म्हणाला, आणखी एकदा.
सावकाश दाबलं, टाचेपासून चवड्यापर्यंत,
मिटलेल्या तोंडापासून पुरत्या उघड्या तोंडापर्यंत.
चाळणीचा आवाज थांबला.

हौसाक्का दारात.
कोपरापर्यंत हात तपकिरी,
पदर नाकावर बांधलेला.
टेबलाखाली वाकून बघितलं, मोटारींच्या मागं बघितलं.
"लेकरू कुठाय?"

पायगोंडानं पेन उचललं,
आणि नुसतंच धरून ठेवलं.

मी पेडलकडं बोट दाखवलं.
तिला पटेना. मग तिनं स्वतःच
भेगाळलेला अनवाणी पाय त्यावर ठेवला,
मी खालची जाड तार छेडली,
आणि तिनं दाबलं, हळू,
झोळीच्या दोरीला पायानं झोका द्यावा तसं.
उघडलं. मिटलं. उघडलं.
"लबाड हाय," ती पेडलला म्हणाली,
आणि पाय काही काढेना.

तिच्या टाचेवरनं थोडी भुकटी
पॉटच्या फटीकडं उतरताना
मला दिसली. पायगोंडालाही दिसली.
त्यानं वही मिटली.

"चारशे दे," म्हणाला.
"पुढच्या वर्षी बघू."