केसांची पुरचुंडी

दर गुरुवारी माझी दुकानगाडी तो डोंगर चढते,
तोफू, अंडी, बॅटरीचे सेल, बाटलीतला चहा घेऊन.
शिकोकूचा हा भाग नकाशात नुसताच हिरवा.
वळणं सत्तावीस. घरं एकोणीस.
त्यांतली दिवा लागतो अशी चार.

शेवटच्या घरी हारुए-सान.
वय विचारलं तर म्हणतात, "रानडुकराला विचार,
त्याला माझं सगळं ठाऊक आहे."
ते रात्री येतं, परड्यात शिरतं,
मुसकटानं सरी उलथतं,
अर्धं रताळं खातं, अर्धं टाकतं,
श्रीमंताघरच्या लाडोबासारखं.

आधी त्यांनी तिखट शिंपडलं,
माझ्याकडच्या होत्या नव्हत्या त्या पंधराही पुड्या.
पाऊस आला, तिखट ओढ्याला गेलं.
"मासे शिंकले असतील," म्हणाल्या.
मग कोळशाच्या भट्टीतलं धुराचं आंबट पाणी,
भोकं पाडलेल्या डब्यांत, डबे बांबूला टांगून.
आठवडाभर परड्याला घर जळाल्याचा वास.
डुक्कर आलं, एका डब्याला पाठ घासून गेलं.
मग बंद शाळेच्या गाणवर्गातल्या जुन्या सीड्या,
दोरीला लटकून चांदण्यात गरगरणाऱ्या.
मग रेडिओ, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला,
जहाजांना रात्रभर वाऱ्याचा अंदाज सांगणारा.
"महिन्याभरात त्याला
सगळी बंदरं तोंडपाठ झाली असतील," म्हणाल्या.
हसल्या नाहीत.

"माणसाचे केस," एका गुरुवारी म्हणाल्या,
"आई तेच करायची.
निशिउचि न्हाव्याकडून टोपलीभर आणायचे,
पुरचुंड्या करून कुंपणाला बांधायच्या.
माणसाचा वास आला की जनावर थबकतं.
पण दहा-बारा डोक्यांचे हवेत.
एकट्या म्हातारीचा वास म्हणजे
काही वास नव्हे."

न्हाव्याचं दुकान खाली, पुलाजवळ.
लाल-निळा खांब अजून आहे, फिरत नाही.
खिडकीतून आत गेलेला वेल
खुर्चीपर्यंत पोचलाय, दाढीला बसल्यासारखा.

दहा-बारा डोकी. आम्ही बोटं मोजली.
मोरिवाकीबाबांना टक्कल.
खालच्या अंगाला त्या दोघी बहिणी,
दोघींची मिळून एक वेणी होईल न होईल.
चौथ्या घरचा माणूस मार्चपासून इस्पितळात.
त्याचा दिवा सात वाजता
आपला आपण लागतो.

मी टोपी काढली.

त्यांनी मला ओसरीच्या कडेला बसवलं.
गळ्याभोवती वर्तमानपत्र,
त्यांच्या हातात चहाची झुडपं छाटायची कात्री.
"हलू नकोस," म्हणाल्या, आणि बराच वेळ
काही कापलंच नाही.
नुसता हात होता डोक्यावर,
रताळं पोसलंय का हे मातीवरून चाचपतात, तसा.
मग कर्र. कर्र.

कांद्याच्या जाळीच्या सात पुरचुंड्या झाल्या.
गाडीच्या आरशात पाहिलं:
एका कानावर झुपका, दुसऱ्यावर काहीच नाही.
उतारावर प्रत्येक वळणाला मान गार पडत होती.

त्या रात्री शहरात, आठव्या मजल्यावर, मला झोप येईना.
वर काळोखात माझं काहीतरी पहाऱ्याला उभं होतं,
आणि डुक्कर त्याच्यापुढे थांबून, हुंगून
मनाशी म्हणत असेल, हा कोण,
नवीन राहायला आलाय?

पुढच्या गुरुवारी दोन सऱ्या उकरलेल्या, पाच शाबूत.
"पाच!" त्यांनी पंजा नाचवला.
पिशवीभर रताळी गाडीत ठेवली.
मी पैसे काढले, घेईनात.
मग माझ्या डोक्याकडे बघत,
उधारीची वही चाळल्यासारख्या म्हणाल्या,
"हळू वाढतात रे तुझे."