बिनहुकमी

हॉर्न रात्री अडीचला आपणहून वाजतो,
कोरड्या काचेवर वायपर फिरत राहतो,
ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर डोळा मारतो,
आणि केबिनची बत्ती विझतच नाही, दीड वर्ष झालं.
चनबसू बिरादार सांगत होता, राहणार उमदी,
वाह्यात पोराच्या तक्रारी सांगाव्यात तसा,
थोडा रागाने, थोडा कौतुकाने.

वडाळा ट्रक टर्मिनल. माझा गाळा सात बाय नऊ.
गाडी बारा चाकी, वय अकरा,
मालक छेडाशेठ, त्यांनी फोनवर एवढंच विचारलं,
'चालते ना? मग?'

आधी फ्यूज बघितले, मग रिले,
मग अर्थिंग: चासी खरवडली, ग्रीस लावलं, परत कसली.
गरीब रोग आधी बघावेत, उस्ताद म्हणायचा,
श्रीमंत रोग कुठे पळून जात नाहीत.

शेवटी डॅशबोर्डखाली पाठीवर पडलो,
पाय दाराबाहेर.
काचेच्या रबरातून किती वर्षं पाणी झिरपलं कोण जाणे,
डब्याच्या पिनांवर हिरवं चढलं होतं
माळ्यावर विसरलेल्या समईसारखं.

बीसीएम म्हणतात याला. आम्ही नुसता डबा म्हणतो.
पूर्वी एका बटनाला एक वायर असायची,
भांडण दोघांचं, दोघांत मिटायचं.
आता बटन डब्याकडे अर्ज करतं,
बत्ती लावायची की नाही ते डबा ठरवतो,
आणि डब्याचंच डोकं फिरलं
तर दाद कुणाकडे मागायची.

नवा छत्तीस हजार, तोही दीड महिन्याने.
छेडाशेठ म्हणाले, कुर्ल्याला जा.
तिसऱ्या भंगारवाल्याकडे मिळाला,
नंबर तोच, शेवटचं अक्षरसुद्धा तेच.
पाच म्हणाला, साडेतीनवर तुटला.
कुठल्या गाडीचा, विचारलं.
तो बशीत चहा ओतत राहिला.

बॅटरीची तार काढली, दहा मिनिटं थांबलो,
चार सॉकेट, दोन बोल्ट. बसला.
चावी फिरवली. गाडी गप्प.
सुफियानने लॅपटॉप जोडला
(माझे डोळे आता तेवढं बारीक वाचत नाहीत)
आणि पडद्यावर दुसऱ्याच गाडीचा चासी नंबर आला.
सहा लाख बेचाळीस हजार किलोमीटर.
चाव्या नोंदलेल्या: दोन.
शेवटची नोंद: डावा दरवाजा उघडा.

चनबसूने स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला.
'घाटात गेली असेल.'
'हप्ते थकले असतील,' मी म्हटलं, 'बँकेने ओढून नेली असेल.'
खाली विचारत होतं,
जुनी माहिती पुसायची? होय. नाही.
सुफियान एकोणीस वर्षांचा.
त्याने एकदा आमच्या तोंडांकडे बघितलं
आणि होय दाबलं.

मग सगळं ताळ्यावर आलं.
हॉर्न दाबल्याशिवाय हूं नाही की चूं नाही.
वायपर शहाणा.
दार लावलं, आणि केबिनची बत्ती
गाडी नवी असताना विझायची तशी,
सावकाश, विझली.

सकाळी सहाला शटर वाजलं.
चनबसू, डोळे तांबारलेले.
माल न्हावाशेव्याला पोचवायचा होता, तरी उभा.
'झोप नाही लागली,' म्हणाला, 'एवढा काळोख.'
दीड वर्ष त्या बत्तीला शिव्या घालत
तिच्याच उजेडात तो जेवला होता,
डिझेलचा हिशेब लिहिला होता,
मोबाईलवर लेकीला दात पडलेला दाखवला होता.

लाल वायर घेतली, दीड मीटर,
सरळ बॅटरीवरून, मधे एक फ्यूज,
सीटमागे हाताला लागेल असं खटक्याचं बटन.
डब्याला विचारलं नाही.
सुफियान म्हणाला, 'सर्किटच्या चित्रात ही कुठे दाखवायची?'
मी म्हटलं, नको दाखवू.

मजुरी नाही घेतली.
बटनाचे घेतले. चाळीस.