मोजून पाणी

दर रविवारी त्या ओळीपाशी मी थांबते.
ऋण सोडण्याची ओळ.
भाकरीपर्यंत सगळ्यांबरोबर येते,
मग ओठ मिटते,
परीक्षेपाशी मंडळीला पुन्हा गाठते.
शेजारच्या बाकावरच्या ग्लोरीला हे कळलंय.
नऊ वर्षांची आहे. म्हणाली,
"बाई, तुम्ही मधला एक घास गाळता."

माझगावची खोली सासऱ्यांच्या पागडीची.
मनोहरला मूठमाती देऊन तीन आठवडे झाले नव्हते,
धाकटे दीर कागद घेऊन आले.
शांतवन त्यांचं नाव.
"वहिनी, लाइटच्या मीटरसाठी. इथे सही."
वाचल्याशिवाय सही करू नये,
हे मी चौतीस वर्षं म्युनिसिपल शाळेत शिकवलं.
केली.
चाळ पडली, टॉवर उभा राहिला.
त्यांना चौदाव्या मजल्यावरून गोदीतल्या क्रेन दिसू लागल्या,
मला मानखुर्दच्या खिडकीतून
दुसऱ्यांची खिडकी.

आता त्यांच्या किडन्या गेल्यात.
मुलगा पर्थला. फोनवर म्हणतो, "काकू, तुमचे उपकार."
पाळकसाहेब म्हणाले, बघा, तुम्हाला जमलं तर.
जमत नाही.
मंगळवारी आणि शुक्रवारी जाते.
मंडळीत म्हणतात, बाईंचं मन केवढं मोठं.
मनाचं मला विचारू नका,
बस साडेसहाची असते, एवढं सांगते.

चार तास यंत्रातून त्यांचं रक्त फिरतं.
मी पावत्या तारखेवार फाईलला लावते.
पावत्या सांभाळायला
मी जरा उशिरा शिकले.

डॉक्टरांनी पाणी बांधून दिलंय,
दिवसाला पाऊण लिटर.
चहा, डाळीचं पाणी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच.
मार्करच्या रेघा मारलेली बाटली माझ्या पिशवीत.

मे महिन्यातला एक शुक्रवार.
बाटली दुपारीच संपलेली.
"वहिनी, एक पेला. पाया पडतो.
तहानलेल्याला पाणी द्यायचं असतं ना आपल्यात?"
माठ गार होता. पेला माझ्या हातात.
घरात तिसरं कुणी नव्हतं.
एक दिला असता, मग दुसरा, मग मागतील तेवढे,
आणि मंडळी म्हणाली असती, शेवटपर्यंत दया केली.
पाणी फुफ्फुसात कसं चढतं
ते सिस्टरने मला चित्र काढून समजावलं होतं.

किती वेळ उभी होते, ठाऊक नाही.
पेला काठोकाठ भरलेला होता
आणि माझा हात जराही हलत नव्हता.
त्याचीच मला भीती वाटली.

खाली गोदीत भोंगा झाला.
मी पेला मोरीत ओतला.
फ्रीजरमधून बर्फाचा एक खडा काढला,
चमच्यात धरून त्यांच्या जिभेवर ठेवला.
त्यांनी मला शिवी दिली, तोंडातला बर्फ सांभाळत.
खडा विरेपर्यंत मी तिथेच बसले.
मग वहीत लिहिलं:
बर्फ, पंधरा मिली.

प्रभू, हे तुझ्यासाठी केलं म्हणावं
तर खोटं होईल.
तू त्या खोलीत होतास का, मला कळलं नाही.
दोन वर्षं झाली, तू बोलत नाहीस,
मी ती ओळ म्हणत नाही,
आपलं असं चाललंय.
मागे ये म्हणालास.
हसत ये, असं म्हणाला नव्हतास,
तेवढ्या एका सवलतीवर
मी अजून तुझ्या मागे आहे,
बरीच मागे, चप्पल तुटलेली, कुरकुरत.

आज पुन्हा ती ओळ आली.
ग्लोरीने मान वळवून पाहिलं.
मी म्हटलं, "जसे".
एवढाच शब्द निघाला.
मंडळी पुढे गेली होती.
ग्लोरी मात्र थांबली माझ्यासाठी,
पुढचे शब्द गालात धरून.

परवा मंगळवार.
बाटली धुऊन पालथी घातलीय.
जुन्या रेघा पुसून नव्या मारायच्यात,
सिस्टर म्हणाली,
आता आणखी पन्नास मिली कमी.